अंग हलवून खेळायच्या मोबाईल गेमनं स्मरणशक्ती खरंच सुधारते का?

घंटीवाला, सातारा

नमस्कार मंडळी. वय ६४. एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, बहुतेक नोकरी सातारा आगारातच झाली. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या दिवाळीपासून मला विसरायला होतंय. एक प्रसंग सांगतो. बायकोनं तीन वस्तू सांगितल्या होत्या: हिंग, देवाच्या वाती आणि शिलाईचा पांढरा दोरा. हिंग घेतला आणि मोती चौकात उभा राहिलो. पुढचं काही आठवेना. फोन करून विचारता आलं असतं, पण हात खिशाकडे जाईना. दहा मिनिटं तसाच उभा होतो आणि छातीत धडधडत होतं. भरल्या गाडीत कोण कुठं चढलं, कोण कुठं उतरणार, कुणाचे किती सुटे द्यायचेत हे मला कधी लिहून ठेवावं लागलं नव्हतं. तिकिटामागं बाकी लिहून द्यायची रीत होती, ती उतारूच्या समाधानासाठी. माझ्या डोक्यात सगळं असायचं.

त्या रात्री झोप लागेना. पडल्या पडल्या सातारा-महाबळेश्वर मार्गावरची गावं मनात म्हणायला लागलो. वाढे फाटा, लिंब खिंड, आनेवाडी, पाचवड, वाई. वाईच्या पुढं गाडी हलेना. मन घट्ट करून दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली, दोन्ही वेळा वाईतच अडकलो. शेवटी पाणी प्यायला उठलो. अंधारात दाराच्या चौकटीला डावा हात वर लावून उभा राहिलो, पाय फाकलेले, जसा गाडीत दांडी धरून उभा राहायचो तसा. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आपोआप चिमटा दाबल्यासारखी हलली. आमच्या वेळी ॲल्युमिनियमचा ट्रे असायचा, रंगीबेरंगी तिकिटांच्या गड्ड्या त्यात बसवलेल्या, आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. मशीन नंतर आली. तर अंगठा हलला, अंग घाटातल्या वळणावर झुकावं तसं जरा डावीकडे झुकलं आणि पसरणी, दांडेघर, पाचगणी ही नावं एकापाठोपाठ एक तोंडातून बाहेर पडली. पार मेटगुताडपर्यंत. तिथंच उभ्या उभ्या डोळ्यांत पाणी आलं.

ही गोष्ट मी मुलीला सांगितली. ती कराडला असते. सुट्टीत नातू आला (वय ११) त्यानं माझ्या फोनवर दोन गेम घालून दिले. पहिल्यात फोन हातात धरायचा. आधी पडद्यावर बाण दिसतात, उजवीकडे, वर, डावीकडे, त्याच क्रमानं फोन कलता करायचा. दर डावाला एक बाण वाढतो. दुसऱ्यात फोन टीव्हीच्या टेबलावर तांब्याला टेकवून ठेवायचा आणि समोर उभं राहायचं. पडद्यावरचा माणूस हात वर करतो, बसतो, पाय बाजूला टाकतो. तो थांबला की तेच सगळं क्रमानं आपण करायचं. सुरुवातीला माझे चार व्हायचे, नातवाचे नऊ. आता महिन्याभरानं माझे सहा होतात.

यात तीन अडचणी आल्या. एक, फोन हातात धरून गर्रकन वळायला लावणारा डाव होता, त्यात तोल जाऊन कोपर फडताळावर आपटलं. दोन, संध्याकाळी त्या कॅमेऱ्याला मी दिसतच नाही, 'पूर्ण शरीर दाखवा' असं सारखं लिहून येतं. तीन, पहिले सात दिवस फुकट म्हणाले आणि आठव्या दिवशी खात्यातून ७९९ रुपये गेले. पैसे गेल्याचं फार वाईट वाटलं. पेन्शनर माणसाला ही रक्कम थोडी नाही, आणि विसरायला होतंय म्हणून जो माणूस हा खेळ घेतो त्याच्याच विसरण्यावर हे पैसे कमावतात.

माझा प्रश्न असा: चारचे सहा झाले म्हणजे माझी स्मरणशक्ती सुधारली, की मला फक्त तो खेळ जमायला लागला? आणि त्या रात्री चौकटीपाशी जे घडलं त्याचा या खेळांशी काही संबंध आहे का? जाणकारांनी मनापासून सांगावं.

---

कोडवाला, विश्रामबाग, सांगली

काका, नमस्कार. मी मोबाईल गेम बनवण्याच्याच कामात आहे, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. चारचे सहा झाले ते मुख्यतः त्या खेळात. आमच्या धंद्यातली माणसं हे उघड बोलत नाहीत. एखादा खेळ रोज खेळलात तर त्यात हात बसतोच, आणि त्याच्यासारख्या दुसऱ्या खेळात थोडा फायदा दिसतो. पण त्यानं वाती आणि दोरा आठवेलच असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत ल्युमोसिटी नावाचा मेंदूच्या खेळांचा मोठा ब्रँड आहे. म्हातारपणातलं विसरणं लांबवण्याच्या जाहिरातींना पुरेसा आधार नाही, असा ठपका तिथल्या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या सरकारी आयोगानं ठेवला आणि २०१६ साली त्या कंपनीनं २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

मूळ कल्पना जुनीच आहे. १९७८ साली सायमन नावाचं एक गोल खेळणं अमेरिकेत आलं होतं, चार रंगांची चार बटणं असलेलं. दिवे लागतील त्या क्रमानं दाबायचं, दर वेळी एक वाढायचा. तुमच्या नातवानं घातलेला पहिला गेम म्हणजे तेच, फक्त बटणाच्या जागी मनगट आलं.

आता फोनला तुमची हालचाल कळते कशी ते सांगतो, त्यातच तुमच्या दुसऱ्या अडचणीचं उत्तर आहे. फोनमध्ये अगदी बारीक चिप असते. तिच्यात केसाहून पातळ स्प्रिंगांवर तोललेला एक सूक्ष्म तुकडा असतो. गाडीनं ब्रेक मारला की उभे उतारू पुढं झुकतात ना, तसा तो सरकतो, आणि सरकला किती यावरून वेग कसा बदलला आणि जमीन कुठल्या बाजूला आहे हे कळतं. फोन किती वेगानं वळला हे मोजणारी दुसरी चिप असते. हे दोन्ही अंधारातही चालतं. तांब्याला टेकवायच्या गेमला मात्र यातलं काही उपयोगाचं नाही. तो कॅमेऱ्याच्या चित्रातून तुमचे सांधे शोधतो: खांदे, कोपरं, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे. गुगलनं २०२० साली आणलेली एक पद्धत ३३ ठिकाणं शोधते. चित्रात गुडघाच दिसला नाही तर बिचारा अंदाज बांधतो आणि चुकतो.

म्हणून विचारतो, संध्याकाळी तुम्ही लुंगीत असता का? आणि दिवा तुमच्या पाठीमागं आहे का? पायजमा घाला, दिवा तोंडासमोर घ्या, डोक्यापासून पावलांपर्यंत पडद्यावर दिसाल इतके मागं सरा. तांब्या गोल असतो, फोन घसरून छताकडे बघायला लागतो. त्याऐवजी दोन पुस्तकांच्या खाचेत उभा करा.

पैशांचं: फोनमधून गेम काढून टाकला म्हणून वर्गणी थांबत नाही, हे फार लोकांना माहीत नसतं. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या आपल्या चित्रावर दाबा, 'पेमेंट आणि सदस्यत्वे' मध्ये जाऊन रद्द करा. मग ज्या ॲपनं पैसे देता त्यात 'ऑटोपे' असेल, तिथली परवानगीही काढा. पैसे परत मागायची सोय प्ले स्टोअरमध्येच आहे, आजच मागून बघा, उशीर केला की अवघड होतं.

तुमच्या चौकटीच्या प्रसंगाबद्दल मला बोलता येणार नाही, पण वाचताना अंगावर काटा आला हे नक्की.

---

मिरजेची फिजिओ

काका, आधी एक काम करा. गेम, व्यायाम सगळं नंतर. फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन बी-१२, थायरॉईड आणि साखर तपासून घ्या, कान तपासून घ्या, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. बी-१२ कमी पडलं किंवा थायरॉईड मंदावलं तरी विसरायला होतं, आणि ते औषधानं भरून निघू शकतं. ऐकायला कमी येत असेल तर सांगितलेलं मुळात डोक्यात शिरतच नाही आणि आपण म्हणतो विसरलो. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही होतं. बायकोच्या यादीतल्या दोन वस्तू सुटणं एकवेळ समजू शकते. पण रोजच्या रस्त्यावर वाट चुकली, पैशांचा व्यवहार जमेना, तोच प्रश्न तासाभरात तीनदा विचारला, असं व्हायला लागलं तर मेंदूविकार तज्ज्ञांकडे जायला वेळ लावू नका.

आता चौकटीपाशी काय झालं ते. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही, आनंद झाला. १९८०च्या सुमारास मानसशास्त्रात एक साधा प्रयोग सुरू झाला आणि नंतर कितीतरी वेळा झाला. 'काडी मोड', 'टाळी वाजव' अशी वाक्यांची यादी काही जणांना नुसती ऐकवतात आणि काही जणांना ती कृती करायला लावतात. नंतर विचारलं तर करून बघणाऱ्यांना जास्त आठवतं. शिवाय ज्या स्थितीत शिकलो ती स्थिती परत आली की आठवणीला वाट सापडते. तुम्ही ही गावं खुर्चीत बसून पाठ केली नव्हती. हात वर, पाय फाकलेले, अंगठा चिमट्यावर अशी ३१ वर्षं ती अंगात मुरलीत. म्हणून पडल्या पडल्या वाईला थांबलात आणि उभं राहिल्यावर घाट चढलात.

याचा गेमशी संबंध आहे, पण थोडा निराळा. मनगट वळवणं ही काही मेहनत नव्हे. मेंदूला फायदा होतो तो दम लागेल अशा चालण्याचा. अमेरिकेत २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५५ ते ८० वर्षांची १२० माणसं, अर्ध्यांना आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं भरभर चालायला लावलं, बाकीच्यांना नुसते ताणाचे व्यायाम. आठवणी साठवायला लागणारा हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा भाग वर्षभरानं चालणाऱ्यांमध्ये सुमारे २ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटात तो कमीच झाला. तेव्हा गेम राहू दे, पण रोजचं चालणं सोडू नका. तुमच्याकडे यवतेश्वरचा घाट आहे, गुडघे साथ देत असतील तर त्याहून चांगली जागा नाही. नसतील तर सपाटीवर चाला.

आणि लक्षात ठेवून पाऊल टाकायचं असेल तर त्याला फोन लागतच नाही. जपानमध्ये चौकटींवर पावलं टाकायचा एक व्यायाम आहे, वयस्कर लोक पडू नयेत म्हणून काढलेला. एक मीटर रुंद, अडीच मीटर लांब पट्टी. तिच्यात २५ सेंटीमीटरचे ४० चौकोन, आडवे चार आणि उभे दहा. शिकवणारा एकदा पावलांचा क्रम करून दाखवतो, बघून घ्यायचं आणि तसंच चालत जायचं. आधी सरळ, मग तिरकं, मग एक सोडून एक. आपल्या ठिकरीचाच भाऊ आहे हा. मी माझ्या पेशंटना खडूनं जमिनीवर आखून देते.

सावधगिरीचं सांगते ते मनावर घ्या. फोन हातात धरून वळायचं नाही, कधीच नाही. १९९७ साली स्वीडनमध्ये एक साधं निरीक्षण नोंदवलं गेलं: चालताना कुणी बोलायला लागलं की ज्या वृद्धांना थांबावं लागतं, ते पुढं पडण्याची शक्यता जास्त असते. चालणं आणि विचार करणं एकदम करताना तोल सांभाळायला मेंदू कमी उरतो. म्हणून एका बाजूला भिंत किंवा कठडा हाताशी हवा, पायात चप्पल घसरणारी नको, जवळ माणूस हवं, आणि गरगरलं की लगेच बसायचं. कोपर सुजलं असेल तर दाखवून घ्या, अंगावर काढू नका.

---

निवृत्त बाई, तासगाव

कंडक्टर दादा, मी प्राथमिक शाळेत मुलांना लेझीम शिकवायची. चार आवाज, आठ आवाज, पवित्रा हे फळ्यावर लिहून एकाही मुलाला कधी आलं नाही. हातात लेझीम दिलं, हलगी वाजली की चौथ्या दिवशी सगळा वर्ग एका ठेक्यात. पाढे न येणारी मुलं लेझमीचा वीस-पंचवीस हातांचा क्रम न चुकता करायची, आणि मला तेव्हा वाटायचं की या पोरांना आपण बुद्धीनं कमी समजतो ते चुकतं. माझ्या आईला शेवटच्या काळात आमची नावं आठवत नव्हती. पण मंगळागौरीला झिम्मा सुरू झाला की बसल्या जागी तिच्या टाळ्या बरोबर पडायच्या, ओळीमागून ओळी यायच्या. तुम्हीही कुणाच्या तरी सोबतीनं करा. एकट्यानं पडद्यासमोर करण्यात जीव रमत नाही.

---

मिरजेची फिजिओ

बाई, तुमचं अगदी खरं आहे. न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरच्या ४६९ लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून २००३ साली एक अभ्यास आला होता. अंगमेहनतीच्या प्रकारांत फक्त नाच करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं. नाचल्यामुळं तब्येत राहिली की तब्येत होती म्हणून नाचले, हे त्यावरून ठरत नाही. तरी ठेका, पावलांचा क्रम आणि सोबत हे तिन्ही एका जागी मिळतं, म्हणून मी पेशंटना सुचवते.

---

घंटीवाला, सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, काय केलं ते सांगतो.

कोडवाले दादा, लुंगीच होती. पायजमा घातल्यावर आणि दिव्याची बाजू बदलल्यावर कॅमेऱ्याला मी दिसायला लागलो. ७९९ मिळाले परत, पाच दिवस लागले. ऑटोपे बंद केलं.

फिजिओ ताई, तपासण्या केल्या. बी-१२ बरंच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू आहेत. थायरॉईड आणि साखर ठीक. उजव्या कानाला कमी ऐकू येतं म्हणाले. ३१ वर्षं इंजिनाच्या आवाजात काढली, त्याचं असेल. बायको उजव्या बाजूनंच बोलते, आता डावीकडून बोलायची सवय करतेय.

गच्चीवर कठड्याला लागून गेरूनं पट्टी आखली. मोजपट्टीनं मापून चार बाय दहा, तुम्ही सांगितलं तेवढीच. पहिले दोन दिवस माझं पाऊल चौकोनात मावेना, रेषेवर पडायचं, मग लक्षात आलं की मी पाय फाकून टाकतोय, चालत्या गाडीतली सवय. ती मोडायला आठवडा गेला. नंतर नातवाला फोनवर सुचलं की दहा ओळींना दहा थांब्यांची नावं द्यायची. मी खडूनं कडेला लिहिली: सातारा, वाढे फाटा, लिंब खिंड, आनेवाडी, पाचवड, वाई, पसरणी, दांडेघर, पाचगणी, महाबळेश्वर. मधली बरीच सोडली, चौकोन तेवढेच आहेत. आता बायको खुर्चीवर बसून सांगते, "पाचवडला एक बाई आणि दोन पोरं, वाईला एक म्हातारबा, दांडेघरला टोपलीवाली." मी एकदा ऐकतो, पट्टीवर चढतो, आणि ज्या थांब्याला जो उतरणार त्या ओळीत उजवं पाऊल ठेवून त्याचं नाव घेतो. शेवटाला पोचल्यावर ती हिशेब विचारते. सुरुवातीला चार उतारू धरवायचे, परवा अकरा उतरवले आणि एकही पुढं गेला नाही.

हे बी-१२ मुळं की पट्टीमुळं, ते मी सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणाले दोन्ही चालू ठेवा. फोनचा गेम आठवड्यातून दोनदा नातवाशी लावतो, त्याला बरं वाटतं म्हणून. काल बाजारातून पाच वस्तू आणल्या, चिठ्ठी खिशात होती, पण काढली नाही. बायकोनं सांगितलं तेव्हाच प्रत्येक वस्तू मनात एकेका थांब्यावर उतरवली होती: हळद पाचवडला, काड्यापेटी वाईला.

तासगावच्या बाई, संध्याकाळी शेजारचे दोघं येतात गच्चीवर. त्यातले एक पोस्टातले, त्यांनी आपल्या ओळींना पेठांची नावं दिलीत: सोमवार, मंगळवार, बुधवार.

फिजिओ ताई, एक विचारायचं राहिलं. पाऊस लागला की गच्चीवर शेवाळ धरतं, तेव्हा पट्टी खालच्या खोलीत आखावी लागेल. तिथं लांबी दोन मीटरच मिळते, आठ ओळी बसतील, चालेल का? आणि परतीची फेरी सुरू केलीय, महाबळेश्वर ते सातारा. उलट पावलांनी नाही, तोंड फिरवून. त्यात अजून दांडेघर सुटतं.